एपसन एल ३२५० : लॅन केबलवरच्या कॉम्प्युटरला वायफाय प्रिंटर

कॉम्प्युटर माडीवर, लॅन केबलने राउटरला जोडलेला. प्रिंटर खाली सोप्यात, वायफायवर. अशा घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॉम्प्युटरला वायफायच नाही, मग प्रिंट जाणार कशी? आणि लगेच कुणीतरी कॉम्प्युटरला वायफाय देणारा यूएसबी डोंगल घ्यायला सांगतो. तो घेऊ नका. प्रिंटसाठी त्याची गरज नाही. केबलवरचा कॉम्प्युटर आणि वायफायवरचा प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले असले की ती दोन्ही एकाच नेटवर्कात असतात. प्रिंट केबलमधून राउटरपर्यंत येते आणि तिथून हवेतून प्रिंटरकडे जाते. इंटरनेट बंद असले तरीही जाते, फक्त राउटर चालू हवा.

एल ३२५० हा घरगुती वापराचा इंकटँक प्रिंटर. प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स अशी तिन्ही कामे करतो. शाई ००३ क्रमांकाच्या बाटल्यांची. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे काळ्या बाटलीत सुमारे ४५०० पाने निघतात आणि तीन रंगांच्या संचात सुमारे ७५००. हे आकडे ठरावीक नमुन्याच्या पानांचे आहेत, फोटो छापणाऱ्याने ते स्वतःला लावून घेऊ नयेत. जोडणीसाठी मागे यूएसबीचे तोंड आणि आत वायफाय. लॅन केबलचे तोंड नाही, स्क्रीनही नाही. सेटिंगची पुढची सगळी कसरत या दोन उणिवांमुळे करावी लागते.

स्क्रीन नसल्यामुळे वायफायचा पासवर्ड प्रिंटरवर टाकता येत नाही, तो दुसऱ्या कुणीतरी पोहोचवावा लागतो. लॅपटॉप असेल तर ड्रायव्हरचा इन्स्टॉलर हे काम लॅपटॉपच्या वायफायवरून करतो. केबलवरच्या डेस्कटॉपला ते जमत नाही. तो इन्स्टॉलर प्रिंटर शोधत राहतो, सापडत नाही, आणि माणूस प्रिंटरच बिघडलेला समजतो. म्हणून क्रम बदला : आधी मोबाईल, मग डेस्कटॉप. मोबाईलवर एपसन स्मार्ट पॅनल ॲप घ्या, लोकेशन चालू ठेवा (अँड्रॉइडला ते लागतेच), मोबाईल घरच्या वायफायवर आणा आणि ॲपमधून प्रिंटर जोडा. राउटरवर डब्ल्यूपीएसचे (पासवर्डशिवाय जोडणी करण्याचे) बटण असेल तर त्याहून सोपे. राउटरचे बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचे वायफायचे बटण दिवे आळीपाळीने लुकलुकेपर्यंत धरून ठेवा, पासवर्डची भानगडच नाही. दोन्ही जमले नाही तर यूएसबी केबल तेवढ्यापुरती डेस्कटॉपला लावून इन्स्टॉलरमधून वायफायची माहिती प्रिंटरमध्ये भरा आणि केबल काढून टाका.

राउटरचे वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालते, आणि अडते ते बहुधा ५ वर. हा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. राउटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवले असले आणि मोबाईल ५ वर असला तर ॲप गोंधळते. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळे नाव द्या, प्रिंटर त्यावर जोडा. मोबाईल पुन्हा ५ वर गेला तरी चालेल, प्रिंटर मात्र २.४ वरच राहू द्या. गेस्ट वायफायवर प्रिंटर कधीच जोडू नका. गेस्टवरच्या यंत्राला घरातली बाकीची यंत्रे दिसू नयेत म्हणूनच ती सोय असते.

जोडणी झाली की प्रिंटरवरचे नेटवर्क स्टेटसचे बटण दाबून अहवालाचे पान काढा. त्यावर प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कातला त्याचा क्रमांक) असतो, समजा १९२.१६८.१.५०. डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' (इंग्रजीत ping) लिहा, एक जागा सोडून हा पत्ता टाका. उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे. इन्स्टॉलर चालवा, तो प्रिंटर शोधून काढेल.

पिंगला उत्तर आले नाही तर आधी घरात राउटर किती आहेत ते मोजा. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या घरांत आता फायबरचा डबा समोरच्या खोलीत असतो आणि त्यात वायफाय असतेच. पण जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे ते मागच्या खोल्यांपर्यंत टिकत नाही, म्हणून आत दुसरा राउटर लावलेला असतो. फायबरच्या डब्याकडून येणारी केबल बहुतेक वेळा त्याच्या वॅन तोंडात (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या) खोचलेली असते. मग घरात दोन नेटवर्के तयार होतात. डेस्कटॉप फायबरच्या डब्यावर १९२.१६८.१ च्या मालिकेत, प्रिंटर आतल्या राउटरवर १९२.१६८.० च्या मालिकेत. इंटरनेट दोघांनाही मिळते, त्यामुळे सगळे ठीक वाटते. डेस्कटॉपला प्रिंटर मात्र काही केल्या दिसत नाही. पत्त्यातला तिसरा आकडा दोन्हीकडे ताडून पाहा, वेगळा असला की दुखणे सापडले.

उपाय फुकटचा आहे. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळे नेटवर्क न करता नुसते वायफाय पसरवण्याचा) असेल तर तो लावा. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून पहिल्याच्या मालिकेतला एखादा रिकामा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग त्याचे डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या तोंडात घाला. आता सगळे घर एका नेटवर्कात. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी हे एकदा कराच.

दुसरी मोठी तक्रार 'ऑफलाइन'ची. काल प्रिंट निघाली, आज विंडोज म्हणतो प्रिंटर ऑफलाइन आहे. लाईट गेली-आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि पत्ते पुन्हा वाटू शकतो. प्रिंटरला पत्त्याच्या शेवटी ५० ऐवजी ५३ मिळाला, डेस्कटॉप अजून ५० लाच हाका मारतोय. पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा जाते तिथे हे वारंवार घडते. यासाठी राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा न बदलणारा क्रमांक) टाकून एक आयपी कायमचा राखून ठेवा. मॅक पत्ता नेटवर्कच्या छापील पानावर मिळतो. इंटरनेट कंपनीने राउटरचे ते पान कुलूपबंद ठेवले असेल, तर प्रिंटरलाच हाताने पत्ता द्या, पण राउटर वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर ५० चालेल.

मग विंडोजमधला पोर्ट, म्हणजे प्रिंट पाठवण्याची वाट, पाहा. विंडोजने प्रिंटर स्वतःहून जोडला असेल तर बहुधा डब्ल्यूएसडी (यंत्र आपोआप शोधणारा) पोर्ट बनवलेला असतो, आणि तो अधूनमधून रुसतो. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे अ‍ॅड डिव्हाइस, मग अ‍ॅड मॅन्युअली, आणि आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय निवडून टीसीपी/आयपी डिव्हाइस घ्या. राखून ठेवलेला पत्ता टाका. तरीही प्रिंटर ऑफलाइन दिसत असेल, तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट, तिथली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची) खूण काढा. प्रिंटर चालू असताना विंडोजला तो बंद वाटणे अनेकदा या एका खुणेमुळे असते. स्कॅनर या पोर्टवरून चालत नाही, त्याची वाट वेगळी. एपसन स्कॅन २ युटिलिटी उघडून तिथे तोच पत्ता वेगळा भरावा लागतो. प्रिंट जाते पण स्कॅन होत नाही म्हणणाऱ्यांचे नेमके हेच राहिलेले असते.

राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर ठेवला तर निम्मी डोकेदुखी संपते. प्रिंटर मात्र नेहमी त्याच्या बटणानेच बंद करा. बोर्डाचे बटण थेट दाबले तर हेड आपल्या जागी जाऊन झाकले जात नाही आणि शाई नोझलमध्ये सुकते. आठवड्यातून एखादे रंगीत पान काढत राहा. हेड क्लीनिंग उठसूट करू नका, त्यात शाई जाते आणि आतले शाई शोषणारे पॅड भरत जाते.

शाईबद्दल एक गोष्ट इथल्या पावसात महत्त्वाची आहे. ००३ ची काळी शाईसुद्धा डाय (पाण्यात विरघळणाऱ्या) प्रकारची आहे, थेंब पडला की अक्षर फुटते. जुलैमध्ये तालुका कचेरीत न्यायचा कागद प्लास्टिकच्या फाइलमध्येच न्या. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात कागद दमट होऊन दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. रीम पिशवीत बांधून ठेवा आणि ट्रेमध्ये वीस-पंचवीसच पाने लावा. कोर्टकचेरीचा लीगल कागद घेतला तर तो मोजा. आपल्याकडे मिळणारा बहुतेक ३४५ मिलिमीटर लांबीचा असतो, तर ड्रायव्हरमधला 'लीगल' ३५५.६ चा. तोच निवडला तर खालच्या एक-दोन ओळी कापल्या जातात. यादीतून 'इंडियन लीगल' घ्या.

कानडी अर्ज छापताना अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा काला निघतो, त्यात प्रिंटरचा दोष नाही. सेंटरवाल्याने मजकूर नुडी या कानडी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो आणि तो फॉन्ट घरच्या कॉम्प्युटरवर नसतो. श्री-लिपीत केलेल्या लग्नपत्रिकेचेही तसेच. फाइल पीडीएफ करूनच मागा.

उणिवा स्पष्ट आहेत. दोन्ही बाजूंची छपाई आपोआप होत नाही, पाने हाताने उलटावी लागतात. कागदांचा गठ्ठा स्कॅन करायचा तर एकेक पान काचेवर ठेवावे लागते. महिन्याला शे-दोनशे पाने, मुलांचे प्रोजेक्ट आणि अर्ज एवढेच काम असेल तर हा प्रिंटर घ्यावा. राउटर आणि प्रिंटर एकाच टेबलावर बसणार असतील तर थोडे जास्त पैसे घालून एल ५२९० पाहा. त्याला लॅन केबलचे तोंड आहे आणि वर कागद ओढणारा फीडरही. आणि प्रिंटर कॉम्प्युटरच्या शेजारीच राहणार असेल, दुसरे कुणी वापरणार नसेल, तर डेस्कटॉपपुरती वायफायची खटपटच नको. दीड मीटरची यूएसबी केबल लावा आणि छापायला घ्या.