इमल्शनच्या दरात डिस्टेंपर : रंगकामातील फसवणुकीचा अनुभव

पुण्यातील आमच्या सदनिकेचे रंगकाम आम्ही दिवाळीपूर्वी एका ठेकेदाराकडे साहित्य आणि मजुरीसह सोपवले होते. कोटेशनमध्ये पुट्टी, प्रायमर आणि नामांकित कंपनीच्या धुता येणाऱ्या इमल्शनचे दोन हात, असे सगळे स्पष्ट लिहिलेले असूनही भिंतींवर प्रत्यक्षात चढले ते साधे, हलक्या प्रतीचे डिस्टेंपर, आणि हे उघडकीस येईपर्यंत त्याची संपूर्ण रक्कम चुकती झालेली होती.

बादल्या त्याच कंपनीच्या होत्या, परंतु झाकणांची सीले आधीच तुटलेली होती. विचारणा केली असता, शेड दुकानातील मशिनवर तयार होत असल्याने झाकण उघडावेच लागते, असे उत्तर मिळाले. हे उत्तर खोटे नाही, हीच यातली मेख आहे. दुकानदार बेसची, म्हणजे शेड मिसळण्यापूर्वीच्या मूळ रंगाची बादली उघडूनच तीत रंगद्रव्य सोडतो. मात्र त्यानंतर शेडचा क्रमांक, बेस आणि तारीख छापलेला स्टिकर सहसा झाकणावर लावला जातो. आमच्याकडील एकाही बादलीवर तो नव्हता. रिकाम्या बादल्यांत हलका माल भरून आणण्याचा हा प्रकार नवा नाही, असे एका जुन्या रंगाऱ्याने नंतर सांगितले.

संक्रांतीच्या सुमारास स्विचबोर्डाभोवतीचे डाग ओल्या फडक्याने पुसताना फडके पिस्ता रंगाचे झाले आणि भिंतीवर पांढुरका फराटा उमटला. इमल्शन वाळल्यावर त्याचा चिवट पापुद्रा तयार होतो, त्यामुळे हलक्या हाताने पुसल्यास रंग सुटत नाही. साधे डिस्टेंपर मात्र खडूसारखे हाताला लागते. मग बिलही तपासले. त्यावर 18 टक्के जीएसटी आकारलेला होता आणि छापलेला 15 अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर भलत्याच व्यवसायाच्या नावे निघाला. सरकारचीही फसवणूक झाली, एवढेच काय ते समाधान!

रंगाच्या खरेदीचे बिल दुकानदाराकडून स्वतःच्या नावे घ्यावे आणि शेवटचा हप्ता महिनाभराने, ओले फडके फिरवून पाहिल्यावरच द्यावा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत दाद मागता येते आणि कामासाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही.

आम्ही ठेकेदाराला लेखी नोटीस पाठवली आहे. भिंतीला ओल असल्यामुळे रंग सुटतो, असे त्याचे म्हणणे आहे. ती भिंत दिवाणखाना आणि शयनगृह यांच्या मधली असून तिच्यातून पाण्याची एकही नळी जात नाही.