चार जुनी यंत्रे आणि सियागंजातील एक दुरुस्तीचे दुकान

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हौसेने सुतारकाम करतो, आणि तिथली चार विजेची यंत्रे या पावसाळ्याअखेर एकामागून एक रुसली: 2009 साली घेतलेले ड्रिल, चार इंची ग्राइंडर, मार्बल कटर आणि 12 व्होल्टचा बॅटरीवरचा स्क्रू ड्रायव्हर. चिरंजीवांचे मत, ‘बाबा, सगळी भंगारात द्या आणि नवीन मागवा’ असे होते. मी ती पिशवीत भरून इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका गल्लीत, दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. या दुकानाच्या पाटीवरचा रंग इतका उडाला आहे की नाव वाचता येत नाही. ओळखायची खूण म्हणजे दाराशी लटकवलेली जळक्या आर्मेचरची, म्हणजे मोटारीतल्या तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागांची, माळ.

मिस्त्री यंत्र उघडून पाहण्याचे पन्नास रुपये आधी घेतात. काही गिऱ्हाइके त्यावरून हुज्जत घालतात, पण मला ही पद्धत रास्त वाटते, कारण तपासणीचे पैसे हातात पडल्यावर दुरुस्ती गळ्यात मारण्याची त्यांना गरज राहत नाही.

ड्रिलचा निकाल पाच मिनिटांत लागला. अशा यंत्रांच्या मोटारीत कार्बन, म्हणजे आर्मेचरला टेकून त्याला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे, झिजण्यासाठीच बसवलेले असतात. ते आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ठिणग्या वाढतात आणि मोटार अडखळू लागते. माझ्या ड्रिलमधला एक कार्बन लाकडाच्या भुशाने खाचेत अडकून बसला होता आणि दुसरा जेमतेम पाच मिलिमीटर उरला होता. कार्बनची नवी जोडी, कम्यूटेटरची (आर्मेचरवरच्या ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतात त्यांची) सफाई आणि मागचे 608 क्रमांकाचे बेअरिंग मिळून मजुरीसह 270 रुपये झाले. सोळा वर्षांच्या यंत्राचा आवाज पुन्हा एकसुरी झाला, आणि वय पाहून ते फेकले असते तर मूर्खपणा ठरला असता.

ग्राइंडर मात्र त्याहून सहा वर्षांनी लहान असूनही गेला. त्याचे आर्मेचर दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात बदलून घेतले होते, आणि तांब्याचे म्हणून जे बसवले गेले ते ॲल्युमिनियमच्या तारेचे निघाले. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार तेवढ्याच कामाला अधिक तापते. मिस्त्रींनी आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे वेढ्यांतला शॉर्ट शोधणाऱ्या विद्युतचुंबकी उपकरणावर, ठेवले, वर हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा धरला आणि आर्मेचर हळूहळू फिरवले. सात-आठ खाचांवर पाते गप्प राहिले आणि एका खाचेवर येताच माशी अडकल्यासारखे थरथरून वाजू लागले. तिथले वेढे आतल्या आत शॉर्ट झाले होते. त्यांनी फील्ड कॉइल, म्हणजे आर्मेचरभोवतीचे स्थिर वेटोळे, हीदेखील दाखवली, तिचे वार्निश काळे पडून खपल्या निघत होत्या, आणि गिअरचे दोन दात खाल्लेले होते. आर्मेचर, फील्ड आणि गिअर मिळून खर्च नव्या ग्राइंडरच्या तीन चतुर्थांशावर जात होता. ‘भिया, इसमें पैसे मत डालो,’ एवढेच ते म्हणाले. आर्मेचर एकटेच गेले असते तर माझ्या मते तांब्याचे बसवून घेणे परवडले असते. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही काळे पडल्यावर ते परवडत नाही.

मार्बल कटरची फक्त केबल मुठीपाशी तुटली होती, त्याचे काम उभ्या उभ्या झाले.

स्क्रू ड्रायव्हरची गोष्ट वेगळी आहे. त्याची मोटार ठणठणीत असून मेला तो बॅटरी पॅक, ज्यात 1.2 व्होल्टचे दहा निकेल-कॅडमियम सेल जोडलेले होते. कंपनीने तो पॅक केव्हाच बंद केला. त्यात लिथियमचे सेल भरून देणारे लोक भेटतात, पण जुना चार्जर निकेलसाठी बनवलेला असल्यामुळे लिथियमला तो लावणे धोक्याचे आहे, आणि मिस्त्रींनी ते काम साफ नाकारले. पॅक मी कचऱ्याच्या गाडीवर वेगळा दिला. ‘बॅटरीची यंत्रे म्हणजे खेळणी’ हे मिस्त्रींचे मत मात्र मला मान्य नाही. कपाटाच्या आत अंग चोरून बसल्यावर केबल नसण्याचे सुख कळते.

आता तक्रारी. चार दिवसांचा वायदा अकरा दिवसांवर गेला, आणि दोन हेलपाटे फुकट पडले. पक्के बिल मिळत नाही. तांब्याच्या तारेने यंत्राला बांधलेली चिठ्ठी हीच पावती आणि हीच हमी. ड्रिलची खोली मोजायची दांडी परत देताना गायब होती, ती नंतर एका पत्र्याच्या डब्यात सापडली. गल्लीत चारचाकी नेण्याचा विचारही करू नये, आणि बाराच्या आत पोहोचावे, कारण नंतर मालाच्या हातगाड्यांमुळे पायी चालणेही कठीण होते.

निघताना मी नवा ग्राइंडर कोणता घ्यावा हे विचारले. त्यांनी कंपनीचे नाव सांगितले नाही; काउंटरखालचे खण ओढले आणि कोणत्या यंत्राचे कार्बन, स्विच व आर्मेचर त्यांच्याकडे कायम पडून असतात ते दाखवले. सर्वांत भरलेल्या खणावर जे मॉडेल लिहिले होते, तेच मी पलीकडच्या दुकानातून घेऊन आलो.