क्रॉनिकलिंग अमेरिका : जुन्या रोडिओ चॅम्पियन्सना शोधायचं तर इथे बसा

ओरेगनमधल्या पेंडलटनला मेन स्ट्रीटवर जॉर्ज फ्लेचरचा ब्राँझचा पुतळा आहे, तो बघितला आणि तेव्हापासून मला हे वेड लागलंय. पेंडलटन राउंड-अप म्हणजे तिथला रोडिओ, काउबॉयांच्या घोडेस्वारीच्या आणि फास टाकण्याच्या स्पर्धा; त्याच्या 1911 च्या फायनलला उधळणाऱ्या घोड्यावर बसणारे तिघं होते, गोरा जॉन स्पेन, काळा जॉर्ज फ्लेचर आणि नेझ पर्स या मूळनिवासी जमातीचा जॅक्सन सनडाउन. बक्षिसाचं खोगीर मिळालं स्पेनला. लोकांच्या मते मात्र फ्लेचर जिंकला होता, म्हणून शेरीफ टिल टेलरने त्याची हॅट कापून तुकडे प्रेक्षकांना विकले आणि ते पैसे फ्लेचरला दिले असं तिथे सांगतात. मला वाटलं, या माणसांबद्दल त्या वेळच्या लोकांनी काय लिहिलं ते आपण स्वतः वाचायलाच हवं.

आधी एका पैसे घेणाऱ्या साइटची ट्रायल घेतली होती, नाव घेत नाही, मुदतीत रद्द करूनही कार्डातून पैसे कापले गेले. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची, क्रॉनिकलिंग अमेरिका ही साइट सापडली आणि खरं सांगते, एवढं फुकट मिळतंय यावर विश्वासच बसेना. लॉगिन नाही की फी नाही, जुन्या अमेरिकन पेपरांची 2 कोटींहून जास्त स्कॅन केलेली पानं आहेत, राज्य आणि साल निवडायचं, शब्द टाकायचा, सापडलेला शब्द पानावर रंगवून दाखवतात आणि पान पीडीएफ म्हणून उतरवून घेता येतं. पेंडलटनचा स्वतःचा पेपर ईस्ट ओरेगोनियनसुद्धा त्यात आहे! 1911 च्या सप्टेंबरचे अंक लावून बसले की आजूबाजूच्या जाहिराती, गव्हाचे भाव, सगळं गावच डोळ्यासमोर येतं.

पण नाव टाकलं आणि माणूस सापडला असं होत नाही, आणि जे कोणी हे काम करणार असतील त्यांनी हे नीट वाचा. सनडाउन टाकलं की सूर्यास्ताच्या बातम्याच आधी येतात, त्यामुळे सोबत राउंड-अप किंवा घोड्याचं नाव टाकावं लागतं. या सनडाउनने 1916 ला, वयाच्या 53 व्या वर्षी पेंडलटनची चॅम्पियनशिप जिंकली, आणि लहानपणी त्याने 1877 चं त्याच्या जमातीचं अमेरिकन सैन्याशी झालेलं नेझ पर्स युद्ध बघितलेलं होतं! बायकांचं तर अजून अवघड, 1904 ला वायोमिंग राज्यातल्या शायानच्या रोडिओत उधळलेल्या घोड्यावर बसलेली बर्था केपर्निक लग्नानंतर बर्था ब्लँसेट होते आणि त्या काळी बायकांना नवऱ्याच्या नावाने छापायची पद्धत, म्हणजे मिसेस डेल ब्लँसेट असंही शोधायचं. काळ्या आणि मूळनिवासी रायडर्सबद्दल जे शब्द वापरलेत ते वाचताना खूप त्रास होतो, पण तेच शब्द सर्चमध्ये टाकले नाहीत तर माणूस हाती लागत नाही. शिवाय जुनी पुसट अक्षरं मशीनने वाचलेली असतात त्यामुळे स्पेलिंग उलटसुलट असू शकतं, दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

माझ्या मते सगळ्यात भारी आहे ते होनोलुलूच्या पेपरांचं. 1908 च्या ऑगस्टमध्ये हवाईच्या वाइमेआचा काउबॉय, तिकडे त्यांना पानिओलो म्हणतात, इकुआ पर्डी शायानला गेला, उसना घोडा, समोर अमेरिकेतले नामांकित लोक, आणि पळत्या बैलावर फास टाकून, त्याला पाडून, पाय बांधून 56 सेकंदांत वर्ल्ड चॅम्पियन! बरोबरचा आर्ची काआउआ तिसरा, जॅक लो सहावा. होनोलुलूकडे आणि वायोमिंगकडे ही गोष्ट कशी छापली ते शेजारी शेजारी उघडून वाचण्यात माझ्या दोन रात्री गेल्या आणि एकाही मिनिटाचं वाईट वाटत नाही.

इथे फक्त अमेरिकेतले पेपर आहेत, त्यामुळे 1912 ला कॅल्गरीत सायक्लोन घोड्यावर जिंकलेल्या काइनाई जमातीच्या टॉम थ्री पर्सन्ससाठी कॅनडाचे संग्रह बघायला लागतील.

आणि फोटो सापडला की लगेच खाली नाव टाकून शेअर करू नका, प्लीज. बिल पिकेट, धावत्या घोड्यावरून बैलावर झेप टाकून शिंगं पिळून त्याला पाडणारा, त्याच्या पोस्टाच्या तिकिटावर अमेरिकेच्या पोस्टखात्याने त्याच्या भावाचा, बेनचा चेहरा छापला होता, 1994 मध्ये ती तिकिटं परत मागवून नव्याने छापायला लागली. मी आता प्रत्येक कात्रणासोबत पेपरचं नाव, तारीख, पान नंबर आणि लिंक वहीत लिहून ठेवते, सध्या 1914 वर आलेय, बर्था ब्लँसेटच्या मागे.