निकॉन डी७५० आता घ्यावा का? आधी हातात धरून बघा

२०१४ चा कॅमेरा आहे हा, फुल फ्रेम (म्हणजे मोठा सेन्सर), २४ मेगापिक्सेल, आरशावाला. सेकंड हँडमध्ये बराच फिरतोय आणि लग्नाची कामं नवीन सुरू केलेली पोरं विचारतात की दादा हा घेऊ का सरळ मिररलेसच (बिनआरशाचा) घेऊ. फोटोच्या क्वालिटीसाठी डोकं खाजवत असाल तर सोडून द्या, दोन्हीकडं चांगलेच येतात. मनगटाला काय झेपतंय ते बघा.

क्वालिटीचं म्हणाल तर आपले फोटो जातात कुठं, १२ बाय ३६ इंचाच्या अल्बमात नायतर व्हॉट्सॅपवर. अख्ख्या स्प्रेडवर (समोरासमोरच्या दोन पानांवर) एकच फोटो पसरला तरी ६०१६ पिक्सेलमधून इंचाला १६७ मिळतात, मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्या नवरीच्या मावशीला ते भरपूर झाले, आणि पूर्ण पसरायचे फोटो असतात तरी किती. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ला रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढला तर नवरदेवाच्या काळ्या कोटाची शिवणसुद्धा सावलीतून वर काढता येते. ६४०० पर्यंत मी बिनधास्त जातो, कार्यालयातल्या त्या पिवळट लाइटींनी फोटोचं जेवढं वाटोळं होतं तेवढं नॉइजनं (जास्त आयएसओला येणाऱ्या दाण्यांनी) नाही होत.

आता हाताचं. बॉडी ७५० ग्रॅम, बॅटरी आणि कार्ड टाकून ८४०. वाचायला जड वाटतं पण ग्रिप एवढी खोल आहे की बोटं आत वळून बसतात आणि ७०-२०० ची मोठी झूम लेन्स लावली (निकॉनची एफएल मॉडेलची ती एकटीच १४३० ग्रॅम) तरी बॉडी आवळून धरावी लागत नाही, बोटांत अडकून राहते. मित्राची एक छोटी मिररलेस एका लग्नात वापरली, कंपनीचं नाव कशाला घ्या, उचलताना एकदम हलकी पण करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबकळते, मग बाकीची बोटं दाबून धरतात आणि मोठी लेन्स लावली की मधल्या बोटाचं पेर लेन्सला घासतं. मंगलाष्टकं सुरू झाली की कॅमेरा डोळ्याला लागतो तो शेवटच्या अक्षता पडेपर्यंत, त्यात घरातल्या आत्याकाकूंनी स्वतः रचलेली असली तर बघायलाच नको. तेवढ्या वेळात हात थरथरायला लागला की २४ असो नायतर ४५ मेगापिक्सेल, फोटो हललेलाच येणार.

सगळ्या मिररलेस तशा नाहीत हां. निकॉनच्याच झेड६ ला ग्रिप खोल आहे, बॅटरीसकट ६७५ ग्रॅम, आणि आयएसओचं बटण शटरशेजारी आहे. डी७५० ला ते मागं स्क्रीनच्या डावीकडं आहे, म्हणजे लेन्सखालचा हात काढा, बटण दाबा, परत हात घाला, ७०-२०० ला कसं जमायचं? मी ऑटो आयएसओ टाकतो, शटर कमीत कमी १/२५० सेकंद, वरची लिमिट ६४००, विषय संपला. फोकस पॉइंट ५१ आहेत पण सगळे मधेच गर्दी करून, सप्तपदीला चालत्या नवरीच्या डोळ्यावर फोकस चिकटून राहतो ती मजा मिररलेसचीच, तिथं हा मार खातो. बॅटरीत मात्र उलटं, सीपाच्या (कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या) मोजणीनं एका चार्जवर डी७५० चे १२३० फोटो आणि झेड६ चे ३१०. प्रत्यक्षात दोघंही जास्त देतात पण डी७५० असला की हळदीपासून वरातीपर्यंत चार्जर कुठं लावू हे शोधत फिरावं लागत नाही.

घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) बघा, कंपनीनं दीड लाखापर्यंत टेस्ट केलेलं शटर आहे. सुरुवातीच्या काही बॉड्या फ्लेअरसाठी (जोरदार उजेडाचा फोटोत उमटणारा नको तो डाग) निकॉननं फुकट तपासून दुरुस्त केल्या होत्या, त्यांच्या ट्रायपॉडच्या भोकात आतल्या बाजूला काळा ठिपका असतो, खाली वाकून बघा. अंगठ्याजवळचं रबर सुटलं असेल तर भाव पाडून मागा. आणि दुकानात किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) लावून दाखवतील, आपली सगळ्यात जड लेन्स सोबत न्या, ती लावून उभ्या उभ्या पाच मिनिटं डोळ्याला लावून धरा, दुकानदार बघत बसला तर बसू दे.