शोध-अहवाल सेवा: तीस वर्षांचे दस्त पाहिले, मीटर राहिला

गेल्या वर्षी एक जुना गाळा विकत घेण्यापूर्वी मी एका वकिली कार्यालयाकडून शोध-अहवाल, म्हणजे जुने दस्त तपासून मालकी व बोजा सांगणारा अहवाल, करून घेतला. शुल्क ९,००० रुपये ठरले होते आणि बारा दिवसांची मुदत दिलेली असताना अहवाल अकराव्या दिवशी हाती आला. तीस वर्षांची सूची-दोन (नोंदणी झालेल्या दस्तांचा सरकारी गोषवारा), गहाणाच्या नोंदी आणि मालकीच्या साखळीतील प्रत्येक खरेदीखताचा क्रमांक त्यात नीट लावलेला होता. शेवटी मालमत्ता निर्वेध व बोजारहित असल्याचा दाखलाही होता.

ताबा घेतला त्या दिवशी मीटरच्या पेटीत मीटर नव्हता. काळी टेप गुंडाळलेल्या दोन तारा तेवढ्या लोंबत होत्या. वीज कंपनीच्या कार्यालयात नव्या जोडणीचा अर्ज दिला, तेव्हा लिपिकाने जुना ग्राहक क्रमांक टाकून पाहिला आणि म्हणाला, "पीडी आहे साहेब, एक लाख अठरा हजार." पीडी म्हणजे कायमस्वरूपी खंडित केलेली जोडणी.

वीजबिलाची थकबाकी दुय्यम निबंधकाकडे नोंदली जात नाही, त्यामुळे ती सूची-दोनमध्ये कधीच दिसत नाही, आणि तरीही जागेला चिकटून राहते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या संहितेनुसार आधीच्या मालकाची थकबाकी हा त्या जागेवरील बोजाच ठरतो. मात्र जो खरेदीदार आधीच्या मालकाचा वारस नाही, त्याच्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकारापुरतीच वसुली करता येते. नव्या मालकाकडून जुनी थकबाकी मागणाऱ्या अशा तरतुदी वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२३ मध्ये के. सी. नैनन प्रकरणात मान्य केले. सहा महिन्यांची ही मर्यादा मला वकिलांनी सांगितली नाही. संहितेचे पान छापून नेल्यावर रक्कम ४१,००० रुपयांवर आली.

पाणीपट्टीबाबतही अहवाल तोकडाच होता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे पाणीपट्टीसह मालमत्ता कराची थकबाकी ही जमीन महसुलाच्या खालोखाल मिळकतीवरचा पहिला बोजा असते. थकबाकीची कल्पना नसलेल्या खरेदीदाराला १९७१ मध्ये अहमदाबादच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले होते हे खरे, पण पाणीपट्टीसाठी कोर्टाची पायरी चढण्याची हौस कोणाला असते? अहवालाला कराची पावती जोडलेली होती, तीही केवळ पहिल्या सहामाहीची. दुसऱ्या सहामाहीचे पैसे सुदैवाने विक्रेत्याने भरून टाकले.

विचारणा केल्यावर "वीज आमच्या कक्षेत येत नाही" असे उत्तर मिळाले. ते चुकीचे म्हणता येणार नाही, परंतु शुल्क घेताना तसे सांगितलेही नव्हते, आणि "बोजारहित" हा शब्द तर बिनदिक्कत वापरला होता. मालकी हक्काच्या तपासासाठी हे कार्यालय मी आजही सुचवेन; मात्र बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याकडून वीज ग्राहक क्रमांक आणि वीज कंपनीचा ना-देय दाखला स्वतः मागून घ्यावा. पाचपैकी तीन तारे.

गेल्या महिन्यात एका मित्राने तेथूनच अहवाल घेतला. त्यात आता वीज ग्राहक क्रमांकाचा रकाना आहे, आणि शुल्क पाचशे रुपयांनी वाढले आहे.