आय-स्कझी की फायबर चॅनेल: सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या नजरेतून

आय-स्कझी आणि फायबर चॅनेल हे सर्व्हरला स्टोरेज ॲरेशी, म्हणजे अनेक डिस्कच्या सामायिक पेटीशी, जोडायचे दोन मार्ग: पहिला नेहमीच्या नेटवर्कवरून, दुसरा स्वतःच्या वेगळ्या स्विच-केबलांवरून. दोन्हीकडून शेवटी लिनक्सला दिसते ती एक साधी ब्लॉक डिस्क. ती दिसेपर्यंत किती जणांच्या मागे लागावं लागतं, फरक तिथे आहे. वेगाची तुलना मी मुद्दाम बाजूला ठेवतोय.

फायबर चॅनेलमध्ये होस्टवर (म्हणजे आपल्या सर्व्हरवर) काम थोडं. एचबीए (फायबर चॅनेलचं कार्ड) बसवायचं, सिस्टीमकडून त्याचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे त्याच्या पोर्टची ओळख सांगणारा १६ आकडी हेक्स नंबर काढायचा आणि सॅनवाल्यांना (स्टोरेजचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांना) पाठवायचा. स्विचवरचं झोनिंग (कोण कोणाशी बोलू शकतं ते) आणि ॲरेवरचं लन मास्किंग (कोणता लन, म्हणजे ॲरेवरची डिस्क, कोणाला दिसावी ते) ते करतात. आपण रीस्कॅन केलं की लन हजर. पुढे वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. मात्र एचबीए जळून नवं घातलं की सहसा नंबर बदलतो आणि झोनिंग, मास्किंग दोन्ही पुन्हा करावं लागतं. रात्री दोन वाजता सॅनवाला फोन उचलणार का, हे आधी विचारून ठेवा.

आय-स्कझीचं प्रमाण २००४ साली आलं. नेहमीचं नेटवर्क कार्ड, ३२६० पोर्ट, आणि इनिशिएटरचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं, नाव (आयक्यूएन), डिस्कव्हरी (ॲरेवर काय आहे ते शोधणं), लॉगिन, चॅप पासवर्ड सगळं आपल्याच हातात. म्हणून चुकाही आपल्याच. टेम्प्लेटवरून क्लोन केलेल्या मशीनचं आयक्यूएन बदललं नाही तर ॲरेला दोघं एकच वाटतात, एकाचा लन दुसऱ्यालाही दिसतो. दोन्हीकडे माउंट झाला, तर फाइल सिस्टीमची वाट लागलीच म्हणून समजा.

त्याहून छळवादी म्हणजे एमटीयू, एका पॅकेटचा बाइटमधला कमाल आकार. होस्टवर ९०००, ॲरेवर ९००० आणि मधल्या एका स्विचवर १५००. डिस्कव्हरी होते, लॉगिन होतं, डिस्कही दिसते. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं गप्प. माझा अख्खा दिवस यात गेलाय. आता लॉगिनच्या आधीच ‘डोन्ट फ्रॅगमेंट’ (पॅकेट तोडू नको) लावून ८९७२ बाइटचा पिंग मारतो (९००० मधून हेडरचे २८ वजा). तो गेला नाही, तर पुढे जातच नाही.

तुमच्या कंपनीत फायबर चॅनेलचे स्विच आणि ते चालवणारी माणसं आधीच असतील, तर फायबर चॅनेल सोडू नका. नसतील, तर आय-स्कझी घ्या, पण स्टोरेजला वेगळं नेटवर्क द्या. ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये मिसळलेल्या आय-स्कझीची मी शिफारस करणार नाही. एनव्हीएमई ओव्हर टीसीपी हा नेटवर्कवरून डिस्क देणारा आणखी एक, नवा मार्गही आहे, ॲरे नवा असेल तर जरूर बघा.

मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणाऱ्या एकाहून जास्त वाटा, दोन्हीकडे हवाच. आय-स्कझीत त्यासोबत रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेली जोडणी परत येण्याची वाट बघायची मुदत) १२० सेकंदांवरून ५ च्या आसपास आणा, नाहीतर एक केबल निघाली की आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) दोन मिनिटं दुसऱ्या वाटेकडे वळतच नाही. आणि लन काढताना घाई नको: आधी अनमाउंट, मग मल्टिपाथ फ्लश, मग एकेक पाथ डिलीट, आणि ॲरेवरून अनमॅप सगळ्यात शेवटी. उलट केलंत, तर प्रोसेस डी स्टेटमध्ये (आयओ पुरं होण्याची वाट बघत) अडकतात आणि किल करूनही मरत नाहीत.