लाल कॉइल, नवे प्लग आणि अकरा महिने : लॉरा १.८ टीएसआयचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. टर्बो गाडीत, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाच्या गाडीत, महागडी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जोराची वीज देणारी) टाकून पिकअप वाढेल असं वाटत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या. माझी गाडी सुधारली, अगदी पहिल्याच दिवशी सुधारली, पण तो पराक्रम बहुतांशी साडेतीन हजारांच्या प्लगांचा होता. सोळा हजार आठशेच्या कॉइलांनी काय केलं, हे शोधून काढायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

गाडी २०१२ ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. जोडणी शेंद्र्याच्या कारखान्यातली. माझं आजोळ संभाजीनगरचं, त्यामुळे या गाडीला मी उगाच गाववाली समजतो. मूळची ताकद १६० पीएस, टॉर्क २५० एनएम. सेकंडहँड घेतली, हौसेने सांभाळली आणि १ लाख ८ हजार किलोमीटरवर हौस जरा पुढे गेली : स्टेज वन रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घेतला. गाडी पळायला लागली, म्हणजे खरंच पळायला लागली. तीन आठवडे मी खूश होतो.

मग एका पहाटे साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना, तिसरा गिअर, तीन हजार आरपीएमच्या थोडं वर, पाय पूर्ण खाली, आणि गाडी खोकली. एकदा, दोनदा, मग सलग डचके. इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता लागून राहिला तर घरापर्यंत जाता येतं, पण लुकलुकत असेल तर पाय लगेच उचलायचा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं आणि त्याची किंमत ऐकून माणूस कॉइलचा विचार आनंदाने करतो. मी पाय उचलला, मागून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला आणि उरलेला घाट आम्ही दोघांनी एकाच वेगाने चढला.

घरी येऊन लॅपटॉप जोडला. कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, आतलं पेट्रोल नीट न पेटणं. व्हीसीडीएस या गाडी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये १५ आणि १६ नंबरच्या ब्लॉकमध्ये कुठला सिलिंडर किती वेळा चुकला ते दिसतं. ११५ मध्ये टर्बोचं प्रेशर. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर तोच गिअर, तोच वेग ठेवून मोजलं (बायकोने शेजारी बसून लॅपटॉप धरला, त्याबद्दल ती अजून ऐकवते). दोन नंबर : ३८. चार नंबर : ११. एक आणि तीन स्वच्छ.

आता हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. प्लगच्या दोन टोकांमधल्या हवेतून ठिणगी उडवायला किती व्होल्टेज लागेल, ते दोन गोष्टींवर ठरतं : हवेचा दाब आणि टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप. पाश्चेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८८९ मध्येच मांडलं होतं. दाब वाढला की ठिणगीला जास्त जोर लागतो, गॅप वाढला तरी तेच. माझ्या गाडीत रीमॅपनंतर ११५ चा आकडा २,१०० मिलिबारवर जात होता. यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, म्हणजे साधारण ९५० आपल्या हवेचे आणि उरलेले टर्बोचे. हीच हवा इंजिन पुढे ९.६ पटीने दाबतं. कंपनीच्या सेटिंगला जे प्लग नि कॉइल निमूट काम करत होते, त्यांच्यापुढे रीमॅपने एकदम मोठं काम टाकलं. कॉइलचा जोर कमी पडला की ठिणगी उडतच नाही, किंवा उडायला सोपी वाट शोधते : प्लगच्या चिनीमातीच्या अंगावरून घसरत खाली धातूवर.

ती वाट मी डोळ्यांनी पाहिली. रविवारी पार्किंगमध्ये इंजिन थंड करून कॉइल काढायला घेतल्या. ओढायला खास हुक मिळतो, माझ्याकडे नव्हता, दोन केबल टाय अडकवून ओढल्या. बारा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेल्या कनेक्टरचं प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. चार नंबरच्या कनेक्टरची जीभ टिच करून तुटली. दोन नंबरचा प्लग बाहेर काढून उन्हात धरला तर पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत केसासारखी काळी रेघ. नखाने खरवडून जात नव्हती. कॉइलच्या रबरी नळीच्या आत त्याच जागी तिची जुळी बहीण. प्लगच्या बुडाशी एक तपकिरी कडं असतं, ते बऱ्याच चांगल्या प्लगांवरही दिसतं आणि निरुपद्रवी असतं, त्याला घाबरू नका. उभी काळी रेघ मात्र गुन्हेगार. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं : ०.८ मिमी असायला हवा तो गॅप झिजून १.०५ झालेला.

इथे मी शहाणपणा करायला हवा होता. ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं गाडी नेतो ते मामा फोनवर म्हणालेच, "साहेब, आधी नुसते प्लग टाकून बघा की. कॉइल कुठं पळून चालल्यात?" पण माझ्या डोक्यात लाल रंग बसला होता.

लाल कॉइल म्हणजे ऑडी आर८ ची. तिचं टोपण लाल असतं आणि लॉरासारख्या टीएसआय इंजिनांत ती फारशी खटपट न करता बसते, म्हणून जगभरचे फोक्सवॅगन-स्कोडावाले ती उचलतात. यातली गंमत मला नंतर सुचली. आर८ च्या ज्या ४.२ लिटर व्ही८ साठी ती ओळखली जाते, त्या इंजिनाला टर्बोच नाही! ४२० पीएस ते काढतं ते जवळजवळ आठ हजार आरपीएमपर्यंत फिरून. म्हणजे मी उड्या मारत जो भाग आणत होतो, तो जास्त दाबासाठी नव्हे, जास्त वेगासाठी प्रसिद्ध. आणि वेगाची अडचण माझ्या गाडीला नव्हतीच. सहा हजार आरपीएमला एका सिलिंडरची ठिणगी दर २० मिलिसेकंदांनी लागते आणि कॉइल चार्ज व्हायला त्यातले तीनेक पुरतात. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीत एकच कॉइल चारही सिलिंडर सांभाळायची, तिला दर पाच मिलिसेकंदांनी पळावं लागायचं. दर महिन्या-दोन महिन्यांनी बाबा डेल्कोचं (ठिणगी सिलिंडरांना वाटणाऱ्या डब्याचं) झाकण काढून सीबी पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी टोकं) पॉलिश पेपरने घासायचे आणि गॅप पोस्टकार्डाने मोजायचे. आपण पाचशे रुपयांचं फीलर गेज घेऊन तेच करतो.

असो. पहिला संच ऑनलाइन घेतला, चार कॉइल ५,६०० रुपये. स्वस्त वाटलं तेव्हाच कळायला हवं होतं. एकोणिसाव्या दिवशी त्यातली एक गेली, सिग्नलवर उभा असताना, आणि गाडी तीन सिलिंडरवर रिक्षासारखी थरथरत घरी आली. विकणाऱ्याने परताव्याची मुदत संपल्याचा मेसेज पाठवला. टोपीचा लाल रंग नखाने निघत होता. मल्टिमीटरने आधीच तपासायला काय झालं होतं, असं विचाराल तर या चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, त्यामुळे जुन्या दोन तारांच्या कॉइलसारखं ओहम मोजून काही कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर पुढे आणलेल्या अस्सल कॉइलपेक्षा ती हलकी भरली, एवढाच पुरावा. अस्सल संच मग ओळखीच्या माणसाकडून बाहेरून मागवला, १६,८०० रुपयांना पडला.

तो येईपर्यंत पाच आठवडे गेले आणि या पाच आठवड्यांनीच मला शिकवलं. गाडी तर चालवायची होती. म्हणून नाना पेठेतून नवे इरिडियम प्लग आणले, ८५० ला एक. उष्णतेचा नंबर मूळचाच, ७. एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग टाका असा सल्ला बरेच देतात, पण माझं रोजचं जाणं कोथरूड ते हिंजवडी, म्हणजे अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. थंड प्लग तिथे काजळी धरतो. गॅप ०.७ केला. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं असतं, त्याला टेकू देऊन गॅप उघडायचा नाही, फक्त बाहेरची पट्टी हलकेच वाकवायची. रबरी नळीच्या आत थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावलं आणि जुन्याच कॉइल परत दाबून बसवल्या. फक्त दोन नंबरला, रेघ उमटलेली काढून, मामांच्या ड्रॉवरमधली एक वापरलेली कॉइल.

खंबाटकी, तोच चढ : चारही सिलिंडर मिळून ३.

अडतीस अधिक अकरावरून तीन. तेही ३,४०० रुपयांत. त्या दिवशी परत येताना मी बोगद्यात हिशोबच करत होतो, की बाहेरून निघालेलं पार्सल रद्द करता येईल का. येत नव्हतं.

लाल कॉइल आल्या, बसवल्या, तीनाचं शून्य झालं. टोपी मूळ कॉइलइतकी घट्ट बसत नाही, हाताने किंचित फिरते, पण अकरा महिन्यांत एकदाही वर आलेली नाही. वरचं प्लास्टिक कव्हर नीट बसतं. आणि पिकअप? तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ४,५०० आरपीएम, सपाट रस्ता, पाच-पाच वेळा मोजलं. जुन्या कॉइल आणि नवे प्लग : सरासरी ४.१ सेकंद. लाल कॉइल आणि तेच प्लग : ४.१ सेकंद. ॲव्हरेज शहरात पावणेनऊ, हायवेला तेरा; आधीही तेवढंच होतं. ठिणगी उडाली की उडाली. ती जास्त जोरात उडाली म्हणून पेट्रोल जास्त ताकद देत नाही.

मग लाल कॉइल अगदीच फुकट का? हाच प्रश्न छळत होता, म्हणून आठव्या महिन्यात त्या काढून साध्या नव्या कॉइल बसवल्या, मूळ पद्धतीच्या, चारांचे ९,६०० रुपये. बायकोला हा आकडा इथेच वाचून कळेल. सहा आठवडे त्या ठेवल्या. ०.७ गॅपवर मिसफायर शून्य, क्वचित एक. म्हणजे लाल आणि साधी यांत फरक नाही. मग गॅप पुन्हा ०.८ केला. साध्या कॉइलवर घाटात दर वेळी दोन ते चार मिसफायर. लाल परत बसवल्या, ०.८ वरच : शून्य. इथे कुठे तिची कमाई दिसली. गॅप मोठा ठेवता येतो, आणि मोठ्या गॅपची ठिणगी थंड इंजिनात, रिकाम्या चालीवर जास्त भरवशाची. ०.७ वर सकाळी सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर स्टिअरिंगवर बारीक कंप यायचा, ०.८ वर तो गेला. खरोखरची सुधारणा आहे, पण १६,८०० रुपयांची नाही.

मोजताना एका गोष्टीने मला बराच वेळ फसवलं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ठिणगी दिसत नाही. तो क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याची, चाल बघतो आणि ती अडखळली की मिसफायर समजतो. खराब रस्त्यावर चाकांकडून धक्के उलटे वर जातात आणि चाल तशीही अडखळते. पावसाळ्यात दोन दिवस मी एक नंबरच्या कॉइलवर संशय धरून बसलो होतो. तो आकडा कात्रजजवळच्या रम्बलर पट्ट्यांवरच वाढायचा.

आणखी एक. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, हवा आत सोडणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांवर काजळीचे थर बसतात. थंड इंजिन सकाळी खोकत असेल आणि घाटात नीट चढत असेल, तर कॉइल घेऊ नका, व्हॉल्व्ह बघा. माझे ९० हजारांवर साफ केलेले होते, म्हणून ती शंका लगेच बाद करता आली.

रीमॅप करून देणाऱ्याने प्लगबद्दल एक शब्द काढला नव्हता, याचा राग अजून आहे. आज कुणी विचारलं तर मी सांगतो : रीमॅपच्या आदल्या दिवशी नवे प्लग, गॅप ०.७, आणि कॉइल दहा वर्षांच्या वर गेल्या असतील तर साध्या नव्या. गॅरेजात लाल कॉइल आयत्या पडल्या असतील तर बसवा, छान दिसतात.

सध्या गाडीत लाल आहेत, ०.८ गॅप, १३,४०० किलोमीटर झाले. मागच्या आठवड्यात प्लग काढून पाहिले : गॅप ०.८२, चिनीमाती पांढरी, कुठे रेघ नाही. साध्या चार कॉइल डिकीत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवल्यात. चार नंबरच्या कनेक्टरची तुटलेली जीभ अजून केबल टायनेच बांधलेली आहे, नवा कनेक्टर आणून तीन महिने झाले, तो ग्लोव्हबॉक्समध्ये आहे.